सांगली-मिरजेतल्या गणेश मंडळांच्या पोरांना खुलं पत्र: यंदाचा देखावा आपल्याच गल्लीच्या प्लास्टिकमधून करूया

पोरांनो,

पोरांनो म्हणतेय म्हणून रागावू नका. तुमच्यातले कितीतरी जण माझ्या तासाला मागच्या बाकावर बसून ब्रशने एकमेकांच्या शर्टावर रंग उडवत होते, आता तेच पावतीपुस्तक घेऊन दारात येतात, 'बाई वर्गणी' म्हणत उभे राहतात, कुणी अध्यक्ष झालाय, कुणी खजिनदार, कुणी सजावट बघतोय, आणि मला ते बघून खरंच भारी वाटतं. वर्गणी मी कधी चुकवली नाही, यंदाही देणारच. पण यंदा वर्गणीच्या जोडीला एक मागणं आहे आणि ते दारात उभ्या उभ्या सांगून होण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र. आणि ते एकट्या आमच्या गल्लीच्या मंडळाला नाही, गावभाग, खणभाग, विश्रामबाग, मिरज, कुपवाड, सगळ्यांनाच आहे.

मागणं असं की यंदाची सजावट आपापल्या गल्लीत जमणाऱ्या प्लास्टिकमधून करा, गल्लीतल्याच लोकांच्या हातांनी करा, आणि अशी करा की विसर्जनानंतर ती टाका-टाका उसवता येईल. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, तिच्याकडे मी खाली येतेच.

आधी हे कुठून डोक्यात आलं ते सांगते. मागच्या एका वर्षी नातवाला घेऊन गणपती बघायला बाहेर पडले होते. एका मंडळाने, नाव घेत नाही, प्लास्टिकच्या बाटल्यांचा मोठा हत्ती केला होता, आणि वर पाटी 'पर्यावरण वाचवा'. लांबून सुंदरच दिसत होता हो, सोंडेचा आकार तर एवढा छान साधला होता की मी तिथंच थांबून राहिले. मग जवळ गेले तर सगळ्या बाटल्या एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या झाकणांच्या, कुठे लेबलचा चिकट डाग नाही की ओरखडा नाही. तिथल्या पोराला विचारलं, तो माझाच विद्यार्थी, तो सरळ म्हणाला, "बाई, गोळा करत बसायला येळ कुणाकडं हाय, होलसेलमध्ये नव्याच आणल्या." खोटं बोलला नाही त्याबद्दल त्याचं कौतुकच आहे. पण मला ते फार लागलं. विसर्जनानंतर चार-पाच दिवसांनी त्याच रस्त्याने जाताना हत्ती गटारीच्या कडेला पडलेला दिसला, अर्धा फुटलेला, आणि गरम गोंदाने एवढा चिकटवलेला की भंगारवाल्यानेही हात लावला नव्हता. कारण स्वच्छ बाटलीला भंगारात पैसे मिळतात, गोंदाने लडबडलेल्या बाटलीला कोण घेणार. म्हणजे चांगल्या बाटल्या विकत आणून त्यांचा कचरा झाला, तोही पर्यावरणाच्या नावाने. त्या दिवशी मी काही बोलले नाही, घरी आले आणि रात्रभर तेच डोक्यात.

आता पुराचं सांगते, कारण सांगलीत प्लास्टिकचं बोलायचं आणि पुराचं बोलायचं नाही असं होऊच शकत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45 फूट, तुम्हाला पाठच आहे, तुमच्यातले बरेच जण तेव्हा लोकांना बोटीतून काढत होते, जेवणाची पाकिटं वाटत होते. त्या वर्षी आपल्यातल्या कितीतरी मंडळांनी साधेपणाने गणपती बसवला आणि वर्गणी पूरग्रस्तांना दिली, ते मी कधी विसरणार नाही. पाणी उतरल्यावर मी घाटाकडे गेले होते. चिखल, वास, सगळं होतंच. पण माझी नजर गेली झाडांकडे. फांद्या-फांद्यांवर पिशव्या, वेफर्सची पाकिटं, फाटके फ्लेक्स, शेतात पिकाच्या बुडाशी अंथरतात त्या प्लास्टिकच्या मल्चिंग पेपरच्या चिंध्या, सगळं एका रेषेत लटकलेलं, पाणी कुठपर्यंत आलं होतं ते मोजपट्टी न लावता कळत होतं. आणि 2021 च्या जुलैत परत तेच. तेव्हा मी एक पिशवी ओढून काढली, तर ती दुधाची होती, आमच्या घरी येते त्याच दुधाची. आमचीच असेल असं नाही म्हणत, पण आमची नसेलच असं तरी कशावरून म्हणू.

शाळेत असताना मी पोरांकडून टाकाऊतून टिकाऊ नावाखाली पेन स्टँड आणि फुलदाण्या करून घेतल्या, वर्षानुवर्षं. आज वाटतं ते अर्धवट होतं. पोरं दुकानातून नवीन स्ट्रॉ आणायची, चमचे आणायची, कारण बाई म्हणाल्यात टाकाऊतून टिकाऊ, आणि घरात टाकाऊ पुरेसं नाही. आणि ती फुलदाणी दोन महिने शोकेसमध्ये, मग कचऱ्यात. मीच शिकवलं ते तसं, म्हणून आता नीट सांगायची जबाबदारी पण माझीच आहे असं मला वाटतं.

तर मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या छोट्या मंडळाच्या पोरांनी माझं ऐकलं आणि आम्ही करून बघितलं. दुधाच्या पिशव्यांचा पडदा, मूर्तीच्या मागे, बारा फूट रुंद आणि नऊ फूट उंच. हिशोब सांगते म्हणजे भीती जाईल. अर्धा लिटरची पिशवी तीन बाजूंनी कापून उघडली की साधारण पाठकोऱ्या वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा तुकडा मिळतो, एवढ्या पडद्याला शिवणीची जागा धरून साडेतीनशेच्या आसपास लागले. वीस घरं, घरटी रोज दोन पिशव्या, दहा दिवसांत चारशे. बस. एवढंच. म्हणजे एका मध्यम गल्लीचं दहा दिवसांचं दूध म्हणजे एक देखावा, हे कळल्यावर आमच्याकडची बायकामाणसं एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागली, कारण मग उरलेल्या तीनशे पंचावन्न दिवसांचं काय, हा प्रश्न कुणी न विचारताच समोर आला. मी एक शब्द भाषण दिलं नाही. पिशव्या दोरीवर वाळत घातल्या होत्या, निळ्या, केशरी, हिरव्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तेवढं पुरलं.

शिवण्याचं काम कुणी केलं, तर वाकळ, म्हणजे गोधडी, शिवणाऱ्या बायकांनी. हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचंय. आपल्या भागात घरोघरी वाकळ असायची, जुन्या लुगड्यांची, धोतराची, फाटक्या शर्टाची, आणि ती शिवायची तर कडेने धावदोरा घालत फेरे घेत घेत मधे यायचं. आमच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या आक्का, ज्यांना हल्ली कुणी काही विचारत नाही, सून म्हणते बसा शांत, त्यांना मी पिशव्यांचे तुकडे आणि दाभण नेऊन दिलं आणि विचारलं, आक्का, याची वाकळ होईल का. एक म्हणाल्या, "दुधाच्या पिशवीची वाकळ? कायतरीच बया तुझं." पण हात थांबला नाही त्यांचा, बोलता बोलता दोन तुकडे जोडून मोकळ्या झाल्या आणि मला म्हणाल्या की सुई नको लय जाड, भोक मोठं पडतं आणि पिशवी तिथनं फाटत जाती, टाका लांब घ्या आणि कड दुमडून घ्या. हे मला माहीत नव्हतं, तीस वर्षं चित्रकला शिकवून. मग तिथून पुढे त्या गुरू आणि मी हाताखाली. सातवी-आठवीतल्या पोरी त्यांच्याकडून टाका शिकल्या, मंडळाची पोरं पिशव्या धुवायला, एक रिटायर टेलर काका मशीन घेऊन ओसरीत बसले, आणि कुपवाड एमआयडीसीत वेल्डिंगला जाणाऱ्या पोराने जुन्या पाइपांची चौकट करून दिली, पैसे घेतले नाहीत, दोन वेळा चहा घेतला फक्त.

आणि भंगारवाले चाचा. त्यांच्याशिवाय हे झालंच नसतं. मी त्यांना विचारलं की तुम्ही कुठलं प्लास्टिक घेता आणि कुठलं नाही, कारण माझा नियम असा की जे भंगारात विकलं जातं त्याला आपण हात लावायचा नाही, ते कचरा वेचणाऱ्या माणसांचं पोट आहे. पाण्याची बाटली, शाम्पूची बाटली, जुनी ठिबकची नळी, तुटकी बादली, हे सगळं जातं. स्वच्छ दुधाच्या पिशव्या पण जातात, पण जमा करून धुऊन ठेवल्या तरच, ओल्या आंबट वासाच्या कोण घेतंय, म्हणून त्या आपण आधी वापरायच्या आणि नंतर चाचांकडे द्यायच्या. वेफर्सची, बिस्किटांची, भडंगाची, शाम्पूच्या पुड्यांची चकचकीत पाकिटं कुणीच घेत नाही, कारण त्यात प्लास्टिकचे वेगवेगळे थर आणि मधे ॲल्युमिनियमचा पातळ थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते वेगळे करणं परवडत नाही. चाचा पिशवी कानाशी नेऊन चुरगळतात आणि आवाजावरून सांगतात कुठली आहे. मी पोरांना त्यांच्याकडे बसवलं एक दुपार. पाण्याच्या बादलीचा खेळ पण त्यांनीच दाखवला, दुधाची पिशवी आणि बाटलीचं झाकण तरंगतं, बाटलीचा तुकडा आणि पीव्हीसीच्या पाइपाचा तुकडा बुडतो. विज्ञानाच्या तासाला जे डोक्यावरून जातं ते बादलीत पाच मिनिटांत कळलं. चाचा गल्लीत गेली कितीतरी वर्षं येतात, पण मांडवात खुर्चीवर त्यांना कुणी बसवलं ते मागच्या वर्षी पहिल्यांदा. वाळवा तालुक्यात गोटखिंडीला मशिदीत गणपती बसतो, हे आपण अभिमानाने सांगतो ना बाहेरच्यांना, मग आपल्या गल्लीत एवढं तरी झालंच पाहिजे.

त्या चकचकीत पाकिटांचं आम्ही काय केलं, तर उलटी करून आतली चंदेरी बाजू बाहेर काढली, बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, दुमडल्या आणि बुरूड टोपली विणतात तशा एक वर एक खाली घालून विणल्या. त्याची प्रभावळ केली. लांबून लोकांना चांदीच वाटली, खरं सांगते, दोन बायका कुठल्या सोनाराकडून केली विचारत होत्या. मार्केट यार्डात बॉक्स बांधायच्या पिवळ्या-निळ्या पॅकिंग पट्ट्या ढिगाने पडलेल्या असतात, त्यांच्या टोपल्या तर अजून सोप्या, वायरच्या पिशव्या विणणाऱ्या बायका अजून आहेत गावात, त्यांना शोधा. आणि फ्लेक्स. वाढदिवसाचे, निवडीचे, स्वागताचे, एवढे फ्लेक्स प्रत्येक मंडळाच्या खोलीत गुंडाळून पडलेत, ज्यांची मागची बाजू पांढरी आहे ते उलटे करून ताणले की मोठा कॅनव्हास तयार. मिरजेच्या पोरांना खास सांगते, तुमच्या विसर्जन मिरवणुकीच्या स्वागत कमानी बघायला लोक लांबून येतात, एखादी कमान तरी या वर्षी अशी उलट्या फ्लेक्सवर हाताने रंगवलेली होऊ दे. रंगवलेला फ्लेक्स जपून ठेवायचा बरं का, दरवर्षी वापरायचा, तो जाळायचा नाही कधीच, फ्लेक्स पीव्हीसीचा असतो, ते जाळलं की विषारी धूर होतो आणि तो आपल्याच पोरांच्या छातीत जातो.

आता ती तिसरी गोष्ट. उसवता आलं पाहिजे.

जगात बऱ्याच ठिकाणी लोक प्लास्टिकची शिल्पं करतात. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर 2010 पासून 'वॉश्ड अशोर' नावाचं काम चालू आहे, समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेलं प्लास्टिक गावातली माणसं गोळा करतात, धुतात, रंगाप्रमाणे लावतात आणि त्याचे मोठमोठे मासे, पक्षी उभे करतात. केनियात किनाऱ्यावर वाहून आलेल्या रबरी चपलांची जनावरं करतात, रंगीत जिराफ आणि हत्ती. आपल्या देशात चंदीगडचं रॉक गार्डन, ते प्लास्टिकचं नाही, फुटक्या बांगड्या, कपबश्या, टाइल्सचं आहे, पण करणारा माणूस बघा, नेकचंद, सरकारी रोड इन्स्पेक्टर, रोजचं काम आटपल्यावर सायकलवरून कचरा आणून वर्षानुवर्षं एकटा गुपचूप मांडत राहिला आणि 1976 मध्ये ते लोकांसाठी उघडलं. मला या माणसाबद्दल फार प्रेम आहे. पण फुटकी बशी शंभर वर्षं उन्हात राहिली तरी बशीच राहते. प्लास्टिकचं तसं नाही. उन्हाने ते कडक होतं, मग ठिसूळ होतं, मग त्याचा भुगा पडायला लागतो, आणि तो भुगा आपण बागेत किंवा घाटावर उभा केलेल्या शिल्पाचा असेल तर पहिल्या पावसात थेट कृष्णेत, पुढे नरसोबावाडी, पुढे कर्नाटक, अलमट्टीच्या धरणात. म्हणून कुणी म्हणालं की बाई, आपण घाटावर कायमचा मोठा मासा करूया बाटल्यांचा, तर माझं उत्तर नाही असंच असेल. कितीही सुंदर झाला तरी नाही.

आणि इथेच मला वाटतं आपल्याकडे जे आहे ते त्यांच्यापैकी कुणाकडेच नाही. आपल्याला दहा दिवसांत निरोप द्यायची सवय आहे. एवढी मेहनत करून मूर्ती आणायची, सजवायची, जीव लावायचा आणि अनंत चतुर्दशीला पाण्यात सोडून रिकाम्या पाटाने घरी यायचं, हे आपल्याला लहानपणापासून येतं. प्लास्टिकच्या कलेला हेच पाहिजे. मांडवाच्या सावलीत दहा दिवस, ऊन नाही, पाऊस नाही, आणि मग सोडवून जिथलं तिथे. म्हणून गोंद नको, फेविकॉल नको, स्प्रे पेंट नको, थर्माकोलचा आधार नको, नुसता दोरा, सुतळी आणि गाठ. रंग पाकिटांनाच आहेत, ते निवडायचे. आम्ही विसर्जनानंतरच्या रविवारी बसलो आणि पडदा उसवला. चार तास लागले. अर्धा पडदा न उसवता एका भाजीवाल्या मावशीने हातगाडीवर पावसात टाकायला मागून नेला, अजून आहे तिच्याकडे, मी परवाच बघितला. बाकीच्या पिशव्यांचा गठ्ठा चाचांनी वजनावर घेतला आणि आलेल्या पैशात पोरांनी वडापाव खाल्ले. प्रभावळीची पाकिटं मात्र कुठेच जात नव्हती, ती वेगळी बांधून घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात दिली, असलं प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीत कोळशाच्या जोडीला वापरता येतं, निदान नदीत तरी जायला नको. उसवतानाचा तो रविवार मला दहा दिवसांपेक्षा जास्त आवडला, का ते नीट सांगता येत नाही.

आगीचं सांगितलं नाही तर मला झोप लागणार नाही, म्हणून हे दोनदा वाचा. प्लास्टिक पेटतं आणि पेटल्यावर वितळून खाली ठिबकतं. मांडवात हॅलोजन लावायचा नाही, एलईडीच, तेही पडद्याला चिकटवून नाही. आरतीचं ताट, निरांजन, कापूर, धूप हे सगळं पडद्यापासून आणि प्रभावळीपासून लांब, आमच्याकडे मूर्तीच्या पुढे सहा फुटांवर आरतीची रेषाच आखली होती खडूने. पंख्याने पडदा उडायचा म्हणून खाली पाइप घालून ओढून बांधला. वाळूच्या बादल्या चार, आग विझवायचं सिलिंडर एक, आणि ते कसं चालवायचं ते येणारी दोन पोरं रात्री जागणाऱ्यांमध्ये पाहिजेतच. इस्त्रीने पिशव्या चिकटवायचे व्हिडिओ मोबाइलवर बघाल, ते मांडवात करू नका, पोरांकडून तर बिलकूल नको. आणि शेतावरून आणलेल्या औषधांच्या बाटल्या, द्राक्षबागेतल्या फवारणीच्या, त्या कितीही धुतल्या तरी सजावटीत घ्यायच्या नाहीत. तासगाव-कवठेमहांकाळ भागातल्या मंडळांना हे जास्त सांगतेय. बागेवरचं फाटकं प्लास्टिक कव्हर, शेडनेट खुशाल घ्या, मल्चिंग पेपर माती झटकून घ्या, औषधाची बाटली नाही.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. गर्दी येणार नाही, शेजारच्या मंडळाचा हलता देखावा असेल आणि आमच्याकडे पिशव्या. आमच्याकडे गर्दी कमी आली हे खरं आहे, उगीच खोटं कशाला सांगू. पण जे आले ते थांबले, आणि गल्लीतलं प्रत्येक माणूस आपापल्या पाहुण्यांना घेऊन आलं, 'हा तुकडा आमचा' असं दाखवायला. वेळ नाही म्हणाल, तर अजून दोन-अडीच महिने हातात आहेत, आणि पिशव्या जमवायला वेळ लागत नाही, रोज दूध तापवताना लागतो तेवढाच. एक सवय मात्र आत्तापासून लावा, पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकायचा नाही, चीर द्यायची फक्त, तो एवढासा तुकडा कुणाच्याच हाताला लागत नाही आणि सगळ्यात आधी गटारीत जातो.

एक प्रश्न मात्र मनापासूनचा असतो, तो मला त्याच आक्कांनी विचारला होता. देवासमोर कचरा ठेवायचा का गं? मी लगेच उत्तर दिलं नाही. त्या वेळी पातेल्यात खिरीचं दूध तापत होतं, नैवेद्याची खीर. मी म्हणाले, आक्का, हे दूध ज्या पिशवीतनं आलं ती धुऊन घेतलीये, दूध चालतंय तर पिशवी का नाही चालणार. आणि गाडगेबाबा आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचे, कीर्तन रात्री. त्या काही बोलल्या नाहीत, सुईत दोरा ओवून द्या म्हणाल्या. तुम्हाला कुणी हाच प्रश्न विचारला तर त्या माणसाला उडवून लावू नका, त्याला पिशवी धुवायला बोलवा.

सरकारी नियम पण एकदा नजरेखालून घाला, कारण काही गोष्टी हौस म्हणून सोडायच्या नाहीत, त्या बंदच आहेत. राज्यातली प्लास्टिकबंदी 2018 ची, त्यात सजावटीचं थर्माकोल आलंच. देशभरात 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकचे ग्लास, ताटं, चमचे, मिठाईच्या बॉक्सवरचं पातळ आवरण, 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर बंद. तेव्हा देखावा प्लास्टिक कचऱ्याचा आणि महाप्रसाद प्लास्टिकच्या ताटात, असं कृपा करून करू नका. स्टीलची ताटं भाड्याने मिळतात, घासायला गल्ली येते, आमच्याकडे आली.

आणि जे लोक मंडळांना बक्षिसं देतात, स्पर्धा भरवतात, परीक्षक म्हणून फिरतात, त्यांनाही याच पत्रात सांगते. आपल्या जिल्ह्याचे आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री असताना 2000 साली गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, आणि बक्षिसासाठी का होईना, गावंच्या गावं झाडू घेऊन बाहेर पडली, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. स्पर्धेत ताकद असते. म्हणून गुण देताना देखाव्याची उंची आणि लाइटिंग बघा, हरकत नाही, पण एक रकाना वाढवा, की याला किती घरांचे हात लागले आणि विसर्जनानंतर याचं काय झालं. त्यासाठी दहाव्या दिवशी फिरून भागणार नाही, विसर्जनानंतर आठवड्याने परत यावं लागेल. या. चहा आम्ही देतो.

मंडळांनी काय करायचं ते आता तुम्ही ठरवा, मी आकृती काढून देणार नाही, कारण मग सगळीकडे एकच पडदा दिसेल आणि त्यात तुमचं काही राहणार नाही. कुणाच्या गल्लीत बेदाण्याची शेड असेल तर शेडनेट निघेल, कुणाकडे बेकरी असेल तर पाकिटं, हळदीच्या पेठेजवळ असाल तर फाटकी प्लास्टिकची पोती, प्रत्येक गल्लीचा कचरा वेगळा असतो, महिनाभर नुसता गोळा करून जमिनीवर पसरून बघितला तरी देखावा आपोआप सुचतो. मला सुचला तसाच.

ज्यांना टाका शिकायचाय, त्यांनी रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर यायचं, दोन्ही आक्का असतात, टेलर काका दहानंतर येतात. पिशव्या घरून धुऊन, वाळवून आणा, ओल्या आणल्या तर फार वास मारतो. दोरा घेऊन या. सुया माझ्याकडे आहेत.

तुमच्या चित्रकलेच्या बाई
सांगली